खिडक्या अनेक, तक्ता एकच

काही वर्षांपूर्वी भाईंदरमधील एका शाळेने आम्हांला विज्ञान प्रदर्शनासाठी परीक्षक म्हणून बोलावले होते. अठ्ठेचाळीस प्रकल्प होते आणि प्रत्येकाला पाच निकषांवर गुण द्यायचे होते. शिक्षककक्षात संगणक एकच. त्यावर लिनक्स प्रणाली होती आणि चार आभासी डेस्कटॉपांची सोय होती. म्हणजे पडदा एकच, पण कळ दाबताच पहिल्या कामाच्या साऱ्या खिडक्या नाहीशा होऊन समोर दुसरे कोरे टेबल येते. दोन शिक्षकांना गुण भरायचे होते, तेव्हा सल्ला आम्हीच दिला : "बाई, तुम्ही पहिल्या डेस्कटॉपवर काम करा. सर, तुम्ही तिसऱ्यावर. म्हणजे एकमेकांच्या खिडक्यांना हात लागणार नाही."

बाईंनी लेखनाची एक साधी आज्ञावली उघडून गुणांच्या फाइलीत पहिल्या चोवीस प्रकल्पांचे गुण भरले. तेवढ्यात तासाची घंटा झाली. फाइल न साठवता, खिडकी तशीच उघडी ठेवून त्या वर्गावर गेल्या. सर आले, तिसऱ्या डेस्कटॉपवर गेले. त्यांनी तीच आज्ञावली दुसऱ्यांदा सुरू केली, तीच फाइल उघडली आणि उरलेल्या चोवीस प्रकल्पांचे गुण भरले. बाईंचे गुण त्यांना दिसले नाहीत, पण ते पलीकडे आहेत आणि शेवटी एकत्र होतील असा त्यांचा समज. मधल्या सुट्टीत बाईंनी आपली फाइल साठवली. त्यानंतर सरांनी त्यांची साठवली. निकालाच्या वेळी फाइल उघडली तर पहिल्या चोवीस प्रकल्पांसमोर काहीच नव्हते.

गुणांच्या मूळ चिठ्ठ्या रद्दीत गेल्या नव्हत्या, म्हणून निभावले. बक्षीस समारंभ तासभर उशिरा झाला. मात्र बाईंनी विचारलेला प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. "आम्ही दोघे वेगवेगळ्या डेस्कटॉपवर होतो. मग एकाचे काम दुसऱ्याने पुसले कसे?"

प्रश्न रास्त आहे. एकाच आज्ञावलीच्या दोन प्रती दोन डेस्कटॉपांवर चालू असतात, तेव्हा त्यांच्यात काय वेगळे असते आणि काय सामाईक? याचे उत्तर संगणकाच्या साठ वर्षांच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचा काही भाग आपल्या मुंबईतही घडला आहे.

पाठ्यपुस्तक आणि वही

आधी 'प्रत' या शब्दाकडे पाहू. वर्गात पन्नास मुले एकच गणित सोडवीत आहेत अशी कल्पना करा. पाठ्यपुस्तकातील रीत सर्वांना सारखीच. वह्या मात्र पन्नास. कोणी तिसऱ्या पायरीवर असेल, कोणी सातव्या. पुस्तकात कोणी काही लिहीत नसेल, तर एकच पुस्तक भिंतीवर टांगूनही पन्नास जणांचे काम भागेल. पण एखाद्याने उत्तरे पुस्तकातच लिहिली, तर ते दुसऱ्याच्या उपयोगाचे राहत नाही.

आज्ञावली हे पाठ्यपुस्तक. ती चालू झाली की संगणक तिच्यासाठी एक वही उघडतो : कोणत्या आज्ञेपर्यंत आलो, कोणते आकडे हाती आहेत, कोणत्या फाइली उघडल्या आहेत याची नोंद. चालू असलेल्या अशा कामाला 'प्रक्रिया' म्हणतात. आज्ञावलीच्या दोन प्रती चालवणे म्हणजे एकाच पुस्तकावरून दोन वह्या लिहिणे.

सुरुवातीच्या संगणकांत पुस्तक आणि वही हा भेद पाळलाच जात नसे. आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत शेजारी शेजारी असत आणि आज्ञावली चालता चालता स्वतःच्याच आज्ञा बदलत असे. यंत्रावर एका वेळी एकच काम चाले, त्यामुळे कोणाचे बिघडत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय संशोधकांनी घडवलेला पहिला मोठा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्याच्या मुख्य स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे फक्त २,०४८ शब्द मावत. एवढ्या जागेत एक आज्ञावली नीट बसवणे हेच कसब होते. तिच्या दोन प्रतींचा प्रश्नच नव्हता.

१९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला. देशभरातील संशोधक छिद्रित पत्त्यांचे गठ्ठे घेऊन कुलाब्याला येत. गठ्ठा खिडकीवर द्यायचा, नंतर येऊन छापील उत्तर न्यायचे. एखादा स्वल्पविराम चुकला असेल, तर पुन्हा पहिल्यापासून. यंत्राचा एक क्षण फुकट जाऊ नये म्हणून माणसांचे दिवस खर्ची पडत. त्या काळी यंत्र महाग होते आणि टंचाई यंत्राच्या वेळेचीच होती.

दोन अधिवेशनांची शाळा

या टंचाईवरचा उपाय आपल्या शाळांना परिचित आहे. इमारत एक आणि विद्यार्थी दुप्पट, तर आपण सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशने भरवतो. बाक तेच, फळा तोच. सकाळच्या मुलांना दुपारची मुले दिसत नाहीत आणि प्रत्येकाला शाळा आपलीच वाटते.

संगणकात हेच अधिवेशन सेकंदाच्या छोट्या अंशाचे केले तर? नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे 'टाइम-शेअरिंग' करून दाखवले. एकाच यंत्राला चार टंकयंत्रे जोडलेली होती. यंत्र प्रत्येकाकडे क्षणभर लक्ष देऊन पुढच्याकडे वळे, आणि माणसाच्या मानाने त्याचा वेग इतका की प्रत्येकाला संगणक आपल्या एकट्याचाच वाटे. १९६२ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे 'ॲटलस' संगणक सुरू झाला. त्याने असाच भास स्मृतीबाबत निर्माण केला. मुख्य स्मृती लहानच होती; पण लागतील ती पाने फिरत्या चुंबकीय पिंपावरून आपोआप आत यायची आणि नको असलेली बाहेर जायची. आज्ञावलीला मात्र आपल्याजवळ भरपूर जागा आहे असे वाटे. हीच 'आभासी स्मृती'.

अनेक जण एकाच यंत्रावर काम करू लागले की बहुतेकांना त्याच दोनचार आज्ञावल्या लागतात. शंभर पाने व्यापणाऱ्या आज्ञावलीच्या वीस प्रती स्मृतीत ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून पुस्तक आणि वही यांची फारकत आता सक्तीची झाली. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवलेल्या युनिक्स प्रणालीचे वर्णन १९७४ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात ही व्यवस्था स्पष्ट सांगितली आहे. आज्ञांचा भाग लिहिण्यास बंद. तो स्मृतीत एकदाच. ती आज्ञावली चालवणाऱ्या सर्व प्रक्रिया तोच वाचणार. आकड्यांचा भाग मात्र प्रत्येकीचा स्वतंत्र, आणि एकीला दुसरीच्या भागात डोकावता येणार नाही.

१९७० च्या दशकात टाटा संस्थेच्या परिसरात सॉफ्टवेअरच्या राष्ट्रीय केंद्रात डेक-१० हा टाइम-शेअरिंग संगणक आला. त्याच्या प्रणालीतही आज्ञांचा सामाईक भाग आणि प्रत्येकाचा खासगी भाग असे दोन खंड होते. पत्त्यांचे गठ्ठे घेऊन येणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला येथे यंत्राशी थेट संवाद करता आला.

दोन वह्यांच्या मधली ही भिंत खरी आहे. एक प्रक्रिया कोसळली तरी दुसरी चालू राहते, ती या भिंतीमुळे. २००८ मध्ये आलेल्या क्रोम या न्याहाळकाने वेगवेगळ्या पानांना वेगवेगळ्या प्रक्रिया दिल्या, त्यामागेही हाच विचार होता. साधारणपणे एक पान अडकले तरी बाकीची पाने चालत राहावीत.

टंचाई पडद्याची

१९८० च्या दशकात चित्र पालटले. संगणक स्वस्त झाला आणि एकेका माणसाच्या टेबलावर आला. पूर्वी अनेक माणसांत एक यंत्र असे. आता एका माणसाच्या हाती अनेक कामे आली. एकात पत्र, दुसऱ्यात आलेख, तिसऱ्यात आज्ञावली. प्रत्येक कामाची पडद्यावर एक चौकट, म्हणजे 'खिडकी'. खऱ्या टेबलावर कागद पसरता येतात. पडदा वहीच्या दोन पानांएवढा. खिडक्या एकमेकींवर चढू लागल्या, आणि हवी ती खिडकी शोधण्यातच वेळ जाऊ लागला.

अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि ऑस्टिन हेंडरसन यांनी या अडचणीचा अभ्यास केला. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये आभासी स्मृतीविषयी दाखवून दिले होते की, कोणतीही आज्ञावली थोड्या काळात आपल्या पानांपैकी मोजकीच पाने पुन्हा पुन्हा वापरते. तेवढा संच मुख्य स्मृतीत मावला तर काम सुरळीत चालते. मावला नाही तर यंत्राचा सगळा वेळ पाने आत-बाहेर करण्यातच जातो. कार्ड आणि हेंडरसन यांच्या लक्षात आले की माणूसही खिडक्यांच्या बाबतीत असाच वागतो. एका कामात असताना तो ठरावीक तीनचार खिडक्यांतच वावरतो; काम बदलले की दुसरा संच. मग प्रत्येक संचाला स्वतंत्र पडदा का देऊ नये? १९८६ मध्ये त्यांनी 'रूम्स', म्हणजे 'खोल्या', या नावाची व्यवस्था प्रसिद्ध केली. प्रत्येक कामाची एक खोली, एका खोलीतून दुसरीत जायला दारे. घड्याळासारखी एखादी खिडकी प्रत्येक खोलीत हवी असेल तर ती बरोबर नेण्यासाठी 'खिसे'. आणि एकच खिडकी दोन खोल्यांत दोन ठिकाणी मांडण्याचीही सोय.

या शेवटच्या सोयीतच बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. खोली बदलली म्हणून खिडकी किंवा तिच्यामागचे काम बदलत नाही. बदलते ती केवळ मांडणी. आभासी स्मृती यंत्राची टंचाई झाकण्यासाठी आली आणि आभासी डेस्कटॉप माणसाच्या नजरेची टंचाई झाकण्यासाठी. पहिलीतून भिंती उभ्या राहिल्या, दुसऱ्यातून फक्त पडदे. स्क्रीनला मराठीत पडदाच म्हणतात हे येथे अगदी चपखल बसते. भाईंदरच्या चाळीतील एका खोलीत मधोमध साडी टांगून दोन भाग केले, म्हणजे बसायला दोन जागा होतात. पण मोरी आणि शिधा एकच राहतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९९० च्या सुमारास युनिक्स यंत्रांवर पडद्याहून मोठे 'आभासी डेस्कटॉप' आले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकविषयक मासिकांबरोबर मिळणाऱ्या चकत्यांवरून लिनक्स आपल्याकडे पसरले, आणि अनेकांनी चार डेस्कटॉपांचा तो चौकोन तेथेच प्रथम पाहिला. ॲपलच्या संगणकांत ही सोय २००७ मध्ये, तर विंडोजमध्ये मूळ प्रणालीचा भाग म्हणून २०१५ मध्ये आली.

आरक्षणाची खिडकी

आता उरलेले अर्धे उत्तर. वह्या वेगळ्या, त्यांच्यात भिंतही आहे. मग गुण पुसले कसे? कारण फाइल ही वही नव्हे. ती तबकडीवर असते, साऱ्या प्रक्रियांना सामाईक. प्रत्येक प्रत फाइल उघडताना तिची नक्कल आपल्या वहीत उतरवून घेते आणि साठवताना आपली नक्कल मूळ जागी ठेवते. बाईंच्या आणि सरांच्या दोन्ही प्रतींनी सकाळची कोरी फाइल उतरवून घेतली होती. दोघींनी आपापले काम चोख केले. ज्याने शेवटी साठवले त्याची नक्कल टिकली.

हा धोका समजायला रेल्वेच्या आरक्षणाएवढे चांगले उदाहरण नाही. पूर्वी प्रत्येक गाडीची आणि तारखेची नोंदवही असे. वही एका खिडकीवर असे, म्हणून त्या गाडीचे तिकीट हवे असणाऱ्याला त्याच खिडकीच्या रांगेत उभे राहावे लागे. वेळ जाई, पण एक बर्थ दोघांना जाण्याची भीती कमी, कारण वहीत लिहिणारा हात एकच. १९८५ च्या अखेरीस नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले. सीएमसी या सरकारी कंपनीने ही प्रणाली तयार केली होती. पुढे ती मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथे आली, आणि १९९९ पर्यंत ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. एकच आज्ञावली, शेकडो खिडक्या आणि तक्ता मात्र एकच.

गणपतीच्या दिवसांतील कोकणच्या गाड्यांचे आरक्षण उघडण्याची सकाळ डोळ्यांसमोर आणा. आठच्या ठोक्याला भाईंदरच्या खिडकीवरील लिपिक आणि दादरच्या खिडकीवरील लिपिक एकाच क्षणी पाहतात : बर्थ क्रमांक ३१ मोकळा. दोघेही तो देतात. पाहणे आणि लिहिणे यांच्या मधल्या त्या क्षणात कोणी थांबवले नाही, तर एका बर्थवर दोन कुटुंबे बसतील. शिक्षककक्षात घडले ते हेच. फरक इतकाच की आमचा 'मधला क्षण' दोन तासांचा होता.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६५ च्या लेखात यावरील उपाय मांडला आणि त्याला नावही रेल्वेतलेच दिले : 'सेमाफोर', म्हणजे रुळांशेजारचा हात वर-खाली होणारा सिग्नल. सामाईक वस्तूला हात लावण्यापूर्वी सिग्नल पाहायचा. तो पडलेला असेल तर आत जायचे, आणि त्याच क्षणी मागच्यासाठी तो उभा करायचा. काम संपले की पुन्हा पाडायचा. एकेरी मार्गावर हेच काम टोकन करीत असे. ज्या चालकाच्या हाती टोकन, त्याचीच गाडी पुढच्या स्थानकापर्यंत जाणार. पाहणे आणि लिहिणे यांच्या मध्ये दुसरा कोणी शिरणार नाही एवढी हमी मिळाली, की खिडक्या कितीही वाढवता येतात. संगणकात याला 'कुलूप' म्हणतात.

शिक्षककक्षातील त्या साध्या आज्ञावलीत असे कुलूप नव्हते. कार्यालयीन कामाच्या अनेक आज्ञावल्यांत ते असते. फाइल दुसरीकडे उघडी असेल तर त्या तसे सांगतात. काही आज्ञावल्या याहून कडक असतात. आपण दुसऱ्या डेस्कटॉपवर जाऊन चित्रावर टिचकी मारतो आणि नवी खिडकी उघडण्याऐवजी संगणक आपल्याला पहिल्या डेस्कटॉपवर परत नेतो. हा अनुभव पुष्कळांना आला असेल. याला बिघाड समजू नये. आपली सामाईक नोंदवही एका वेळी एकाच प्रतीच्या हाती राहावी म्हणून ती आज्ञावली दुसरी प्रत सुरूच करीत नाही. फायरफॉक्स हा न्याहाळक वापरणाऱ्याच्या नोंदींना असेच कुलूप लावतो. दोन खऱ्या प्रती हव्या असतील तर दोन स्वतंत्र नोंदसंच करावे लागतात.

शाळेत काय करावे

या इतिहासातून शिक्षकांच्या रोजच्या कामाला लागू पडणाऱ्या तीन गोष्टी निघतात.

एक, आपले स्वतःचे काम लावून ठेवण्यासाठी आभासी डेस्कटॉप जरूर वापरावेत. विंडोजमध्ये कंट्रोल, विंडोज आणि डी या कळा एकत्र दाबल्या की नवा डेस्कटॉप उघडतो. डी ऐवजी डाव्या-उजव्या बाणाने एकातून दुसऱ्यात जाता येते. एकावर निकालपत्रक, दुसऱ्यावर उद्याचा पाठ, असे ठेवले की डोके शांत राहते.

दोन, एका फाइलीत दोघांनी लिहायचे असेल तर दोन डेस्कटॉप उपयोगाचे नाहीत. दोन फाइली करून शेवटी एकाच व्यक्तीने त्या जोडाव्यात, किंवा कुलूप असलेली आज्ञावली वापरावी. तिने 'ही फाइल उघडी आहे' असा इशारा दिला, तर तो वाचावा. घाईने पुढे जाऊ नये.

तीन, डेस्कटॉप हे लपवण्याचे साधन नव्हे. प्रश्नपत्रिका दुसऱ्या डेस्कटॉपवर ठेवून संगणक मुलांच्या हाती दिला, तर ती एका कळीच्या अंतरावर असते. त्यासाठी वेगळे खाते आणि वेगळा परवलीचा शब्द हवा. वेगळ्या खात्याने भिंत मिळते.

वर्गात करून पाहा

फळ्यावर दहा बर्थांचा तक्ता काढा. फळ्याकडे पाठ करून, वर्गाच्या दोन कोपऱ्यांत दोन मुलांना लिपिक म्हणून बसवा आणि त्यांच्यासमोर प्रवाशांच्या रांगा लावा. नियम असा : प्रवासी आला की उठून तक्ता पाहायचा, जागेवर येऊन चिठ्ठीवर बर्थ क्रमांक लिहून द्यायचा, मग जाऊन फळ्यावर फुली मारायची. थोड्याच वेळात एका बर्थचे दोन धनी उभे राहतील आणि वर्गात हशा पिकेल. मग दोन लिपिकांच्या मध्ये कापडी पडदा धरा. भांडण मिटते का ते मुलांना विचारा. शेवटी नियम बदला : ज्याच्या हाती डस्टर असेल त्यानेच तक्ता पाहायचा, आणि फुली मारून झाल्यावरच डस्टर खाली ठेवायचे.

त्या शाळेत आम्ही हा प्रयोग पुढच्या वर्षी करून दाखवला. लिपिक झालेल्या एका मुलाने लगेच तक्रार केली, "सर, डस्टर त्याच्याकडेच राहिले, तो परतच करत नाही." हीसुद्धा संगणकशास्त्रातील एक जुनी आणि अवघड अडचण आहे. कुलूप लावून निघून गेलेल्या प्रक्रियेचे काय करायचे? मुलाने ती पाच मिनिटांत शोधून काढली. उत्तर आम्ही सांगितले नाही. ते वर्गाने शोधावे म्हणून सोडून दिले, आणि वाचक शिक्षकांनीही आपल्या वर्गाला तेच विचारून पाहावे.